शांत ट्रॅक वाजवायला शिकवलंस त्याबद्दल, ताई

ताई, तुला पर्सनल मेसेज केला असता तर तू एक अंगठा टाकून विषय संपवला असतास, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आता वाच गुपचूप.

हार्मोनिक मिक्सिंग, म्हणजे डीजेने सूर जुळणारे ट्रॅक एकमेकांत मिसळणं, मला तसं माहीत होतं. कॅमलॉट व्हील, म्हणजे प्रत्येक कीला (स्वरपट्टीला) नंबर देणारं चाक, सगळ्या डीजेंना पाठच असतं, 8ए वरून 7ए, 9ए नाहीतर 8बी, सॉफ्टवेअर नंबर देतं, आपण नंबर लावतो, झालं. फास्ट सेटमध्ये हे खपूनही जातं, कारण किक आणि हायहॅटच्या, म्हणजे ड्रमच्या गदारोळात सूर जरा इकडेतिकडे झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पण तू मला बिनबीटचे ट्रॅक मिक्स करायला बसवलंस ना, तिथे लपायला जागाच उरली नाही. दोन पॅड, म्हणजे सिंथचे लांब सूर, मिनिटभर एकमेकांवर पसरलेले, खाली ड्रम नाही, आधीचा कॉर्ड अजून रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या आवाजात रेंगाळतोय, आणि त्यात एक सूर जरी घासला तरी अंगावर येतं.

ती एफची गंमत तर मी आता भेटेल त्याला सांगतो. 8ए म्हणजे ए मायनर, 9ए म्हणजे ई मायनर, सातातले सहा सूर तेच, फरक फक्त एफ आणि एफ शार्पचा. म्हणजे चाकावर शेजारी असले तरी एका पॅडने एफ धरलाय आणि तेवढ्यात दुसऱ्यातून एफ शार्प आला की भांडण. तू काय केलंस, फेडरवर (आवाज कमीजास्त करायच्या दांडीवर) बोट ठेवून नुसती ऐकत बसलीस, तो कॉर्ड पूर्ण सरला, आणि मग दुसरा ट्रॅक हळूच आत घेतलास. स्क्रीनकडे बघितलंही नाहीस. नंबर बघून ट्रॅक निवडायचा पण कधी सोडायचा ते कानाने ठरवायचं, हे तू तोंडाने सांगितलं असतंस तर मी मान डोलावली असती आणि विसरलो असतो.

दुसरं म्हणजे ड्रोन, तानपुऱ्यासारखा सलग चालू राहणारा सूर. नुसता ए आणि ई, म्हणजे आपला सा आणि प, ग नाहीच. ग नसला की तो मायनरही नाही आणि मेजरही नाही, मग 8ए मधून थेट 11बी ला, म्हणजे ए मेजरला जाता येतं, एरवी चाकावर हे किती लांब! आधी मायनरचा पॅड पूर्ण काढायचा, थोडा वेळ एकटा ड्रोन, मग खालून मेजर. ऐकणाऱ्याला नक्की काय झालं ते सांगता येत नाही पण उजेड वाढल्यासारखं वाटतं. ही मला हार्मोनिक मिक्सिंगमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते, बाकीचं चाक त्यापुढे गणित आहे.

पिचचंही तूच डोक्यात बसवलंस. की लॉक (स्पीड बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असताना स्पीड सहा टक्के वाढवला की सूर साधारण एक सेमिटोन वर सरकतो, आणि तीन टक्के वाढवला तर तो दोन सुरांच्या मधेच लटकतो, तिथे कुठलाच नंबर खरा राहत नाही. आणि की लॉक लावून फार ताणलं तर लांब पॅड थरथरायला लागतात. त्यामुळे मिनिटाला 122 बीटच्या सेटमध्ये स्लो ट्रॅक घ्यायचा तर 61 च्या आसपासचाच, म्हणजे बरोबर निम्म्या वेगाचा शोधायचा, ताणाताणी करायची नाही. (सॉफ्टवेअर शांत ट्रॅकची की बऱ्याचदा चुकवतं, पाचव्या सुरालाच सा धरतं, तेव्हा कीबोर्डवर एक सूर दाबून बघ हेही तुझंच.)

सगळ्यात मोठा थँक्यू मात्र शांत ट्रॅक सेटच्या मधोमध ठेवायची हिंमत दिल्याबद्दल. 1989 मध्ये लंडनच्या हेवन क्लबात ‘द ऑर्ब’ बँडचा अॅलेक्स पॅटर्सन वगैरे मंडळी असलं संगीत वाजवायची ती वेगळ्या खोलीत, नाचून दमलेल्यांसाठी. तुझं म्हणणं, ती खोली मेन फ्लोअरवरच आणायची. मला वाटायचं बीट गेला की लोक पांगणार. पण तू आधी बेस काढतेस, मग किक, सूर मात्र तोच चालू ठेवतेस, त्यामुळे काही तुटल्यासारखं वाटतच नाही, लोक डोळे मिटून जागच्या जागी डुलत राहतात आणि पुढची किक आली की पहिल्यापेक्षा जास्त जोरात नाचतात.

ज्याला काही येत नाही त्याच्यासाठी स्वतःची तयारी बाजूला ठेवून कोण एवढा वेळ देतं गं? तू दिलास, आणि वर तुझं शांत ट्रॅकचं अख्खं फोल्डर कॉपी करून दिलंस, कीच्या नोंदींसकट. मनापासून थँक्यू.

आता तो ड्रोन एकटा किती वेळ ठेवायचा ह्यावर मात्र मी ऐकणार नाही, चार मिनिटं फार होतात, दोन पुरे. नवीन रेकॉर्डिंग पाठवलंय, ऐक आणि मग भांड.