मंत्रीसाहेब, मराठी पुस्तकं हिंदीच्या कपाटात कशाला?

मा. मंत्रीसाहेब, ग्रंथालय खातं, गुजरात राज्य, गांधीनगर
स.न.वि.वि.

साहेब, बडोद्याच्या दांडिया बाजारातून लिहितोय. व्यवहार सगळा गुजरातीत पण वाचन मराठीत, म्हणून पत्रही मराठीतच. इथल्या एका लायब्ररीत जुनी मराठी पुस्तकं हिंदीच्या कपाटात कोंबलीयत, का तर लिपी देवनागरी दिसली! कार्डावर नाव चुकलेलं, साल नाहीच, आणि पान उलटलं की कडेचा तुकडा हातात येतो.

तुम्ही म्हणाल जुन्या पुस्तकांचं एवढं काय. अहो, ती छापताना काय काय झालंय! मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ ला पंचांग छापलं, त्या काळी शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नव्हती, मग या माणसाने तुपाची शाई केली. तुपावर धर्म वाचला म्हणायचं :) पुढे १८६९ ला तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या पैशाने छापून निघाली, म्हणजे जे कोणाच्या तरी घरी बासनात गुंडाळलेलं असायचं ते दुकानात मिळायला लागलं, आणि १८७३ ला जोतीरावांची गुलामगिरी आली, ती काय हाताने नकला करून गावोगाव गेली असती? छापखान्याने मोडीला मात्र मारलं, बालबोध म्हणजे देवनागरी टाइप सोयीचा पडला आणि मोडी दप्तरात पडून राहिली, आता वाचणारा शोधावा लागतो.

सयाजीराव महाराजांना हे सगळं बरोबर कळलं होतं. १९०६ ला संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण शाळा सुटल्यावर माणूस वाचणार काय, म्हणून १९१० ला अमेरिकेहून लायब्ररीच्या कामातले जाणकार बोर्डनसाहेब यांना बोलावलं, गावोगाव लायब्ररी काढल्या आणि खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या.

आमची मागणी एवढीच की मराठी वाचता येणारा एक माणूस नेमा. स्कॅनिंग नंतर करा, आधी यादी नीट होऊ दे, कारण चुकीच्या नावाने स्कॅन केलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर तरी कोणाला सापडणार? नेमणुकीला वेळ लागत असेल तर आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर फुकट यायला तयार आहेत, फक्त त्यांना कपाटापर्यंत जाऊ द्या.

उत्तर गुजरातीत दिलंत तरी चालेल, आम्हाला वाचता येतं.

कळावे,
बडोद्याचा एक वाचक