आर्णीच्या ताई, गोळी सोडू नका

संपादक महोदय,

गेल्या मंगळवारी नागपूरला कॅन्सरच्या ओपीडीत आर्णीकडच्या एक ताई शेजारी बसल्या होत्या. आठ-नऊ वर्षांचा मुलगा मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. "भाऊ, माह्यं पोरगं वाचंन का?" त्यांनी विचारलं, तेवढ्यात आमचा नंबर लागला. बाहेर आलो तर त्या निघून गेल्या होत्या. फोन नंबर घ्यायचा राहून गेला. त्यांच्या गावात आपला पेपर जात असेल, म्हणून हे पत्र.

ताई, तुमच्या फाइलवर सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, लिहिलेलं मी पाहिलं. माझ्या मुलीलाही तेच आहे. अकराव्या वर्षी निघालं. आता ती सतराची, बारावीत आहे. तिला बारीक ताप असायचा, पोट डाव्या बाजूनं टणक लागायचं. आपल्याकडे पानथरी (प्लीहा) वाढली की आधी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचीच शंका येते. ती तपासणी चांगली आली आणि पांढऱ्या पेशी निघाल्या पावणेदोन लाख. ब्लड कॅन्सर म्हटल्यावर माझ्याही हातापायातलं बळ गेलं होतं.

पण हा त्यातला हळू चालणारा प्रकार. रक्त तयार करणाऱ्या पेशीत ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून तो होतो. तुमच्या खाण्यापिण्यातून नाही, कुणाच्या नजरेनं नाही. भावंडांना लागतही नाही. नेमक्या त्या बिघाडावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तिचं पेटंट नाकारलं, म्हणून इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी बंद पडली नाही. ही गोळी लागू पडली तर मुलं शाळेत जातात, मोठी होतात.

आमच्याकडे रात्रीचं जेवण झालं की गोळी, वर पेलाभर पाणी, मग कॅलेंडरवर टिक. सुरुवातीला मळमळ व्हायची, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसायची, पोटऱ्यांत गोळे यायचे. उंची जरा सावकाश वाढली, म्हणून डॉक्टर दर खेपेला तिला भिंतीशी उभी करून मोजतात.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. दुसऱ्या वर्षी ऐन पेरणीत गोळ्या संपल्या. पोर हुंदडत होती, म्हणून नागपूर पुढं ढकललं. कॅलेंडरवर एकवीस चौकोन रिकामे राहिले. त्याच बिघाडाचं रक्तातलं प्रमाण मोजणाऱ्या पुढच्या बीसीआर-एबीएल तपासणीत आकडा वर गेला, तो खाली यायला सहा महिने लागले. ताई, मुलगा बरा दिसला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी थांबवू नका, कुणी झाडपाला सुचवला तरी नाही. खाडे पडले की कधी कधी गोळी लागू पडत नाही. मग दुसऱ्या गोळ्या आहेत, पण तिथवर जाऊच नये. खर्चाचं दवाखान्यातल्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

आमची पुढची तारीख पोळ्यानंतरच्या मंगळवारी आहे. पोर सोबत असेल. तुम्ही या, तिच्याशी बोला.

एक बाप,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ