आडवलीच्या क्रॉसिंगवरून

आडवली स्टेशन, गाडीतून
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

सकाळी नांदगावला निरोप घेऊन निघाले आणि दुपारच्या आत पत्र लिहायला बसले, म्हणून घाबरू नका. सगळं ठीक आहे. गाडी आडवलीला उभी आहे. वंदे भारत पुढे जायची आहे, मग म्हणे आणखी एक एक्स्प्रेस आहे. आई, तू म्हणाली होतीस, ‘रात्रीची गाडी धर, बसाक गावता.’ पॅसेंजरला बसायला मिळालंय, पण खिडकी नाही. शेजारच्या आजींनी कोंबडा आणलाय, पिशवीतून मान बाहेर काढून तो माझ्याकडेच बघतोय.

पत्र लिहायचं कारण फोन. बाबा, बोनेटच्या शेजारी बसून इतकी वर्षं एसटी चालवलीत, त्यात तुमचा डावा कान गेला, आणि फोन तुम्ही नेमका डाव्याच कानाला लावता. मी काही सांगितलं की म्हणता, ‘हां हां, पाऊस हा हयसर.’ यंदा तो दिवाळीनंतरही हटला नाही हे खरं, पण मी पावसाचं बोलत नव्हते. समोर बसून बोलायचं म्हणून तीन दिवस आले, आणि समोर बसूनही बोलले नाही.

परवा जेवताना तुम्ही विचारलंत, ‘लोकल बंद झाली तेवा तू खय होतंस?’ मी म्हटलं, ऑफिसात होते, उशिरा निघाले. आईनं लगेच माझ्या पानात आणखी एक बांगडा वाढला. तो बांगडा मी खोटं बोलून खाल्ला.

६ नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी मी गाडीत होते. सीएसटीहून निघालेली लोकल मशीदच्या अलीकडेच थांबली. पंखे चालू, दिवे चालू, गाडी मात्र हलेना. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. कोणी म्हणे सिग्नल गेला, कोणी म्हणे पुढे कोणीतरी गाडीखाली आलं. मोबाइलवर मग कळलं की सीएसटीला कर्मचाऱ्यांचं आंदोलन चाललंय. जूनमध्ये मुंब्र्याला वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं पडली होती ना, त्या प्रकरणात दोन इंजिनिअरांवर गुन्हा दाखल झाला, त्याचा निषेध. ते वाचून डब्यात कोणाला त्या इंजिनिअरांची दया आली नाही. मला तर नाहीच. मुंब्रा आमच्या दिव्याच्या पुढचं स्टेशन. त्या दिवशी पडलेल्यांत आपलंही कोणी असू शकलं असतं.

अर्ध्या तासानं एका बाईनं पर्स गळ्यात अडकवली आणि दाराच्या दांडीला धरून खाली उतरली. मग दुसरी. मग मी. प्लॅटफॉर्म नसताना लोकलचं दार किती उंच असतं हे तोवर माहीत नव्हतं. खडीत पाय मुरगळला. (तोच पाय. ‘जिन्यावरून पडले’ तेही खोटं.) मशीदपर्यंत चालत गेले आणि तिथून रस्त्याला लागले. घरी पोचायला साडेदहा वाजले. तोवर बातमी आली होती की पुढच्याच स्टेशनाजवळ, सँडहर्स्ट रोडला, रुळांवरून असेच चालत निघालेल्या लोकांना लोकलनं उडवलं. दोघं गेले. रात्री जेवले नाही. तुम्हाला फोनही केला नाही, कारण आवाजावरून आईला कळलं असतं.

हे एक सांगायचं होतं. दुसरं याहून अवघड आहे.

मागच्या वर्षी १० फेब्रुवारीला, शनिवारी, मोटरमननी ओव्हरटाइम करायला नकार दिला होता. आदल्या दिवशी त्यांच्यातला एक जण रूळ ओलांडताना गाडीखाली गेला होता. लाल सिग्नल ओलांडल्याच्या चौकशीच्या धास्तीत होता असं त्याचे सोबती म्हणत होते. सगळे कल्याणला त्याच्या अंत्यविधीला गेले आणि नंतर जास्तीच्या ड्युटीवर कोणी चढेना. शंभरावर फेऱ्या रद्द झाल्या. आमच्या ऑफिसला शनिवारची सुट्टी नाही. प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. इंडिकेटरवर एक वेळ दिसायची आणि पुसली जायची, दुसरी दिसायची, तीही पुसली जायची. मी भर प्लॅटफॉर्मवर ओरडले, ‘घरी बसवा सगळ्यांना! पगार आमच्या पैशाचा घेतात ना?’ चार बायका ‘बरोबर आहे’ म्हणाल्या. मला बरं वाटलं.

सोमवारी आमच्या डब्यातल्या ग्रुपमधली एक जण माझ्याशी बोलेना. तिचा नवरा मोटरमन आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ठाण्याला उतरताना एवढंच म्हणाली, ‘त्यानं संप नाही केला. नेमून दिली तेवढी ड्युटी केली आणि घरी आला.’

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. एक माणूस ठरल्याएवढंच काम करून घरी जातो आणि त्यानं लाखो लोकांची वाट बंद होते, म्हणजे वेळापत्रक छापतानाच त्याच्या विश्रांतीचे तासही कामाचे म्हणून त्यात धरलेले असणार. माणसं कमी, गाड्या तेवढ्याच. तुमची डबल ड्युटी आठवली. वस्तीची गाडी घेऊन जायचात, कंडक्टरकाका आणि तुम्ही गाडीतच झोपायचात, पहाटे पहिली फेरी आणून डेपोत शिरलात की कोणीतरी म्हणायचं, ‘एक फेरी आणखी मारा, माणूस नाही.’ आणि तुम्ही मारायचात. आईनं झाकून ठेवलेली पेज संध्याकाळी गुरांना जायची.

तेव्हापासून असल्या बातम्या वाचते. या फेब्रुवारीत देशभरातल्या लोको पायलटांनी ३६ तासांचं उपोषण केलं, आणि उपाशीपोटी गाड्या चालवल्या. गाडी बंद नाही ठेवली, पोट बंद ठेवलं. मागण्या काय, तर आठवड्याला ४६ तासांची सलग विश्रांती आणि ओळीनं दोनपेक्षा जास्त रात्री ड्युटी नको. आता आमच्या पुढे जो इंजिनात बसलाय त्याची ही कितवी रात्र झाली असेल कोण जाणे. गंमत अशी की इथे आडवलीला तासभर थांबूनही कोणी चिडलेलं नाही. रोहा ते वीर तेवढं २०२१ मध्ये दुहेरी झालं, इकडे एकच रूळ, पॅसेंजरनं बाजूला व्हायचं हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. लोक खाली उतरून गप्पा मारताहेत. हीच मंडळी उद्या दिव्याला चार मिनिटांसाठी एकमेकांच्या अंगावर जातील. मीही.

आता ते अवघड. २०२१ च्या दिवाळीत तुमचा संप सुरू झाला. एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणासाठी तुम्ही डेपोच्या गेटबाहेर सतरंजी टाकून बसलात. वाडीतल्या कॉलेजच्या मुली घाटी चढून हमरस्त्यापर्यंत चालत जायच्या. बाजारात कोणीतरी आईला तोंडावर म्हणालं, ‘तुझ्या घोवाक फुकटचो पगार होयो.’ आई मासळी न घेताच परतली. हे तिनं मला सांगितलं, तुम्हाला सांगितलं होतं की नाही माहीत नाही. आणि जानेवारीत मी फोन केला. तेव्हा तुम्हाला नीट ऐकू येत होतं. म्हटलं, ‘बाबा, बस झालं आता. लोकांचे हाल होतायत. विलीनीकरण काही होत नाही, हजर व्हा.’

तुम्ही ‘बरां’ म्हणालात आणि फोन ठेवलात.

लोकांच्या हालांचं मी पुढे केलं होतं. खरं कारण दिव्याच्या खोलीचा हप्ता. तुम्ही दर महिन्याला पाठवायचात ते पैसे थांबले होते. ते सरळ सांगायला लाज वाटली म्हणून लोकांना मध्ये घातलं. तुम्ही गेला नाहीत. कोर्टानं २२ एप्रिलची मुदत दिली तेव्हा सगळ्यांबरोबर हजर झालात, पुढच्या वर्षी रिटायर झालात, आणि त्या फोनचं एका अक्षरानं बोलला नाहीत. विलीनीकरण झालं नाही, माझा अंदाज खरा ठरला, त्याचा आनंद मला कधीही झाला नाही. बाबा, चुकलं माझं.

याचा अर्थ सगळं पटतं असा नाही हां. तुम्ही सांगून बसला होतात, गेटवर बोर्ड लावला होतात. ६ नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी हजारो माणसं डब्यात असताना अचानक गाड्या थांबल्या, त्याबद्दल मला अजूनही राग आहे. तुम्ही यावर जॉर्ज फर्नांडिसांचं सांगाल. ज्या माणसानं १९७४ मध्ये वीस दिवस रेल्वेचा संप चालवला त्यानंच रेल्वेमंत्री होऊन कोकण रेल्वे मार्गी लावली, आणि संपात काढलेल्यांना परत कामावर घेतलं ते आपल्या राजापूरच्या खासदारांनी, मधु दंडवत्यांनी, तेही रेल्वेमंत्री असताना. पाठ आहे मला. लाकडी बाकावर फोमची गादीसुद्धा दंडवत्यांनीच आणली, हेही पाठ आहे. ही गादी आज बरीच बसलीय, एवढंच कळवते.

वंदे भारत गेली. वाऱ्यानं कोंबडासुद्धा पिशवीत गेला. आता दुसरीची वाट.

बाबा, कणकवलीला जाऊन कानाचं मशीन बघून या. पैशाचं मी बघते, त्यावर वाद नको. कुळथाचं पीठ आणि सोलां नीट आहेत. कलमांना मोहोर कधी येतोय ते कळवा.

तुमची,
बाय

ता. क. उकड्या तांदळाच्या पिशवीत हात घातला तर आईचा चष्मा सापडला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा मुलगा गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. तोवर हे पत्र बाबांनाच वाचून दाखवावं लागणार. बाबा, जरा हळू वाचा. तुम्हाला वाटतं तुम्ही हळू बोलताय, आणि पार तळीपर्यंत ऐकू जातं.