सपाट वाघिणी सगळ्या सारख्या नसतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मालगाडी रुळांवरून उतरली की बातमीत 'मालगाडीचे डबे घसरले' एवढंच येतं. वाघीण (म्हणजे मालडबा) कोणत्या प्रकारची होती आणि तिच्यावर काय लादलं होतं, हे लिहिलं तर कारणाचा अंदाज तिथंच येऊ लागतो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई मार्ग जिथं एकमेकांना छेदतात, त्या नागपुरात तरी हे लिहिलं जावं.

कंटेनरगाडीतली वाघीण म्हणजे बीएलसी. तिचा पाटा, म्हणजे माल ठेवायचा सपाट भाग, रुळापासून 1,009 मिलिमीटरवर, साध्या सपाट वाघिणीपेक्षा खाली असतो. म्हणून साडेनऊ फूट उंचीचा कंटेनरही तिच्यावरून नेता येतो. पाच वाघिणींचा एक संच. संचाच्या दोन टोकांना नेहमीचं कपलिंग (डबे जोडणारा जोड), मधे मात्र जराही ढिलेपणा नसलेले दांडे. त्यामुळे झटके कमी बसतात, पण एका वाघिणीचा अ‍ॅक्सल तापला तरी यार्डात पाचही बाजूला काढाव्या लागतात. 45 वाघिणींच्या रेकवर, म्हणजे अख्ख्या गाडीवर, 20 फुटी 90 कंटेनर बसतात.

गडबड होते ती लादताना. एका बीएलसीवर 20 फुटी दोन पेट्या बसतात. एक सळ्यांनी खच्चून भरलेली, म्हणजे 30 टनांच्या आसपास, आणि दुसरी रिकामी, जेमतेम सव्वादोन टनांची, असं झालं की जवळजवळ सगळा भार एकाच ट्रॉलीवर, म्हणजे वाघिणीच्या एका टोकाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, पडतो. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक वळणावर हलकं होतं, त्याची कड रुळावर चढते आणि वाघीण उतरते. बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखानदारांनी म्हणूनच वजन खरं लिहावं आणि जड माल पेटीच्या एका टोकाला रचू नये. पेटी वाघिणीला जखडणारे चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक बसलेत का, हे रिकाम्या पेटीच्या बाबतीत तर दोनदा पाहावं. वादळी वाऱ्यात आधी उडते ती रिकामीच.

रूळ आणि पोलादी पत्रे नेणारी बीआरएन वेगळी. तिला बाजूने खुंट असतात. भिलाईचे 260 मीटर लांब रूळ अशा 18-20 वाघिणींवर पसरतात. ते रेकच्या मध्यावरच जखडायचे आणि दोन्हीकडे सरकायला मोकळे ठेवायचे. सगळीकडे आवळले तर वळणावर गाडीला वाकायला वावच उरत नाही. कोकण रेल्वेवर 1999 पासून ट्रकही याच जातीच्या वाघिणींवरून जातात.

पोलादी कॉइलसाठी बीएफएनएस असते, तिच्यात कॉइल बसायला खोबणी असतात. सपाट पाट्यावर नुसते लाकडी गुटके लावून 20 टनांची कॉइल नेली, तर एक गुटका निसटला तरी ती घरंगळते. अवजड ट्रान्सफॉर्मरसाठी मधे खोलगट वाघीण लागते.

बातमीदारांना विनंती : वाघिणीच्या अंगावर रंगवलेली बीएलसी, बीआरएनसारखी अक्षरं टिपून घ्या. शेजारच्या 11 अंकी क्रमांकातले पाचवा आणि सहावा अंक बांधणीचं वर्ष सांगतात, तेही छापा.

— मालवाहतूक क्षेत्रातील एक वाचक, अजनी, नागपूर