गच्चीवरच्या पत्र्याचाही हिशोब मागा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

घाटकोपरच्या छेडानगरमध्ये १३ मे २०२४ रोजी पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. परवानगी कोणाची, जमीन कोणाची, ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना त्याच्या कितीतरी पट मोठा फलक उभा राहिलाच कसा, यावर पुष्कळ चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पडलेल्या फलकाची तपासणी करणाऱ्या व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या अहवालातले तीन आकडे मात्र त्या गदारोळात मागे पडले. पाया ताशी १५८ किलोमीटरचा वारा सोसणारा हवा होता, प्रत्यक्षात तो ४९ पुरताच होता, आणि त्या दिवशी वारा होता ८७ चा.

वरवर पाहता पाया गरजेच्या एक तृतीयांश होता असं वाटेल. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणजे पायाची ताकद गरजेच्या जेमतेम एक दशांश होती, आणि त्या संध्याकाळी त्यावर झेपेल त्याच्या तिप्पट जोर आला.

१५८ हा आकडा मुंबईतल्या प्रत्येक स्ट्रक्चरल इंजिनियरला पाठ असतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या (इमारतींवरच्या भारांच्या कोडच्या) तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग दिला आहे, मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटरवर, तीन सेकंदांच्या झोताचा. त्याला उंचीचे, परिसराचे गुणक लावायचे. ते लावण्याआधीच दाब येतो चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. नव्या टॉवरच्या सांगाड्यासाठी हे सगळं गणित होतं, फार उंच इमारतींची मॉडेल्स विंड टनेलमध्येही, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासली जातात. माझी तक्रार टॉवरबद्दल नाही.

तक्रार आहे ती इमारत पूर्ण झाल्यावर तिच्या डोक्यावर जे चढतं त्याबद्दल. गळती थांबावी म्हणून सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. मीटिंगमध्ये प्रश्न एकच निघतो, 'स्लॅबला वजन झेपेल ना?' अहो, पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो! भीती वजनाची नाहीच, शेड उडण्याची आहे. बाजू उघड्या असल्या की वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त. दोनशे चौरस मीटरची शेड धरा. गुणक लावण्याआधीच हा जोर वीस टनांच्या पुढे जातो आणि तो पेलायचा असतो खांबांच्या बुडाशी असलेल्या बोल्टांनी. हे बोल्ट कित्येकदा स्लॅबपर्यंत पोचलेलेच नसतात, वरच्या कोब्यात अडकवलेले असतात. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट. तो काय धरून ठेवणार?

तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्या अहवालांत गंजलेल्या सळया असतात, निघालेलं प्लास्टर असतं, शेडचे बोल्ट मोजलेले मी तरी पाहिले नाहीत. सोलर पॅनेल आणि गच्चीवरचे जाहिरात फलक यांचीही तीच गत. 'तौक्ते' वादळात, मे २०२१ मध्ये, मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा नोंदला गेला. ते वादळ किनाऱ्याला समांतर निघून गेलं, तरीही!

मूळ कोड बदलणं बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं काम आहे, तुमचं नव्हे. तुमच्या हातात आहे तो परवानगीचा अर्ज. त्याला एक पान जोडायला लावा. गच्चीची उंची, समुद्राकडची बाजू मोकळी आहे का, वाऱ्याचा धरलेला वेग, शेडला वर उचलणारा जोर, बोल्ट किती आणि स्लॅबमध्ये किती खोल, आणि खाली परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरची सही. जुन्या शेडसाठी हेच पान ऑडिटला जोडता येईल. तपासणीची मुदत मात्र ३० एप्रिल ठेवा. पावसाळापूर्व कामं जूनच्या तोंडावर उरकायची आपली सवय आहे, आणि छेडानगरचं वादळ मेमध्येच आलं होतं.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर, दादर