टंकलेखनाच्या टेबलावरील काकांचे आभार
पुण्यातील जखमी, भटक्या प्राण्यांसाठी संस्था काढताना आम्ही निवडलेले नाव आधीच दुसऱ्या संस्थेचे निघाले, आणि अर्ज परत आला. (चूक आमचीच, आधी तपासायला हवे होते.) १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार लागणाऱ्या सात जणांपैकी दोघे त्याच संध्याकाळी परगावी निघणार होते, त्यामुळे नव्या नावाची घटना व नियमावली त्याआधीच सह्यांसाठी तयार व्हायला हवी होती. नोंदणी कार्यालयाबाहेर टंकलेखन करणाऱ्या काकांनी आवरलेले टेबल पुन्हा मांडले, “पहिलं जनावर कोणतं वाचवलंत?” असे विचारले आणि मुठेकाठी सापडलेल्या आमच्या ढवळीचेच नाव संस्थेला सुचवले. सगळी पाने नव्याने टंकून, प्रत्येक सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली करून, त्यांनी केवळ कागदाचे पैसे घेतले. काका, गडबडीत तुमचेच नाव विचारायचे राहिले. आम्हा सातही जणांकडून मनःपूर्वक आभार.