दूषित जमिनीवरील लागवडीचा हिशेब मांडावा

मा. संपादक यांस,
स. न.

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक अशा जड धातूंनी दूषित झालेली जमीन वनस्पती लावून स्वच्छ करता येते, असे अलीकडे वरचेवर वाचनात येते. मोहरी, सूर्यफूल, वाळा ही ओळखीची नावे त्यात असतात आणि खर्च कमी असल्याने हा उपाय सर्वांनाच पसंत पडतो. त्यामागचे विज्ञान खरे आहे. परंतु धातू कोणता, वर्षे किती लागणार आणि कापलेल्या पिकाचे पुढे काय करायचे, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

धातू शोषून पानांत साठवणाऱ्या वनस्पती निसर्गात आहेतच. २००१ साली फ्लोरिडा विद्यापीठातील लेना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये टेरिस व्हिटाटा या नेच्याची नोंद केली. लाकूड टिकवण्याच्या रसायनाने आर्सेनिकयुक्त झालेल्या जागेवर तो जोमाने वाढत होता, आणि प्रयोगात त्याच्या पानांच्या कोरड्या वजनात दोन टक्क्यांहून अधिक आर्सेनिक आढळले. आपल्याकडे जुन्या भिंतींच्या फटींतही हा नेचा उगवतो. अल्बानियात निकेलयुक्त जमिनीवर एका रानटी वनस्पतीपासून हेक्टरी सुमारे १०० किलो निकेल मिळवून दाखवण्यात आले आहे.

शिशाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि जुन्या बॅटऱ्या वितळवण्याच्या जागांमुळे आपल्या देशात तिला महत्त्व आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या वीस सेंटिमीटर थरात सुमारे अडीच हजार टन माती असते. तिच्यात किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसे असेल आणि ते ३०० वर आणायचे असेल, तर पाचशे किलो शिसे बाहेर काढावे लागेल. मोहरीचे दहा टन कोरडे पीक आले आणि त्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम शिसे उतरले, असे उदारपणे मानले, तरी एका पिकामागे दोनच किलो निघते. म्हणजे अडीचशे पिके घ्यावी लागतील. शिसे मातीच्या कणांना घट्ट धरून असते, त्यामुळे ते सुटे करण्यासाठी ईडीटीएसारखे रसायन घालण्याची युक्ती काढली गेली. पण सुटे झालेले शिसे मुळांपर्यंतच थांबत नाही, पावसाबरोबर भूजलाकडेही जाते. विहिरीचे पाणी पिणाऱ्या गावाला हा उपाय कोणी सुचवू नये.

सूर्यफुलाविषयीही हेच म्हणता येईल. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर २०११ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने किरणोत्सारी सीझियमसाठी त्याची चाचणी घेतली, तेव्हा जमिनीतील सीझियमपैकी जेमतेम दोन हजारावा भाग पिकात आल्याचे दिसले आणि शेवटी मातीचा वरचा थर खरवडून काढण्यावर भर द्यावा लागला.

याचा अर्थ अशा जागा उजाड ठेवाव्यात असा नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि उपयुक्त जिवाणू-बुरशी वापरून झाडे वाढवली. अशा लागवडीने धूळ उडणे थांबते, ढिगाची धूप कमी होते आणि धातू ओढ्यात वाहून जाण्याला आळा बसतो, हा लाभ मोठा आहे. पण धातू जागेवरच राहतो. तेथे पुढे भाजीपाला पिकवायचा किंवा घरे बांधायची ठरल्यास हिरवळ पाहून नव्हे, माती तपासून परवानगी द्यायला हवी.

कापलेल्या पिकाचा प्रश्न तर बहुतेक वेळा चर्चेतच येत नाही. धातू साठवलेला पाला हा घातक कचरा आहे. मोहरीची भाजी कोणी खुडली, पाला शेळ्यांनी खाल्ला किंवा काटक्या चुलीत गेल्या, तर जमिनीतील विष माणसापर्यंत आपणच आणून पोहोचवू. म्हणून अशा जागेवर खाद्य किंवा चाऱ्याचे पीक लावूच नये, आणि कुंपण असल्याखेरीज लागवड करू नये.

माझी सूचना एवढीच, की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा प्रत्येक प्रकल्पाकडून लागवडीपूर्वीची आणि दरवर्षीची मातीची व जवळच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी, तसेच कापणी केलेल्या पाल्याचे वजन आणि त्याच्या विल्हेवाटीचे ठिकाण मागवून घ्यावे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करावा.

आपला,
मृदाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर